कापडाआडचा समुद्र

बोंग-यो या नावाचा आमच्याकडे अर्थ असा, की झालीच आहे तर वाढवू या. कांग उस्तादांच्या घरी मुलींमागून मुली होत गेल्या, आणि ही आली तेव्हा आजीने नाव शोधायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. मिठागरांच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा अशा नावाच्या बायका ढिगाने होत्या, एक हाक मारली की चौघी वळायच्या. त्यामुळे तिला नावाचं कधी वाईट वाटत असेल असं आम्हा गावकऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. आमच्या डोक्यात तशा बऱ्याच गोष्टी येत नसत.

पाच-सहा वर्षांची असेल, तेव्हा तांग-लिआउ गावच्या रस्त्यावरून एक वरात चालली होती. सनईवाल्याने गाल फुगवून सूर काढला, आणि ही आईची बाही ओढून म्हणाली, "केवढं पिवळं केलं त्याने." आईने इकडेतिकडे पाहिलं. लाल होतं सगळं, पिवळं कुठे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडा आरवला, तर पोर अंथरुणातून म्हणते, आज जरा जांभळट आरवला. पोर कशाला तरी भ्यालंय, जीव अर्धा बाहेर सांडलाय, असं म्हणून आईने तिला उचललं आणि भीती उतरवणाऱ्या म्हातारीकडे नेलं. म्हातारीने पेलाभर तांदूळ पोरीच्या सदऱ्यात गुंडाळले, उदबत्ती धरून तिच्यावरून फिरवले, तांदळात काय उमटलं ते वाचलं आणि राख पाण्यात कालवून पाजली. मग विचारलं, गेले का गं रंग? नव्हते गेले. पुन्हा राख. असं किती वेळा झालं देव जाणे, शेवटी त्या राखेच्या चवीला कंटाळून पोरीने सांगून टाकलं, गेले. आईने घरी नेऊन तिला साखर घातलेला भात दिला.

रंग जातात कुठे? आवाज झाला की डोळ्यांच्या जरा मागे तो रंगाने भरून यायचा, जसा तुम्हाआम्हाला फोडणीच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं तसा, आपोआप. पण त्या दिवसापासून बोंग-योने तोंड मिटलं ते मिटलं. लग्न झालं, नवरा माशांचा ट्रक चालवणारा, स्वभावाने गरीब. त्याचं घोरणं शेवाळी रंगाचं होतं. तेही तिने त्याला कधी सांगितलं नाही. तिला आतून कायम एकच धास्ती, की हे कळलं तर लोक वेडी म्हणतील आणि पुन्हा राख पाजतील.

लग्नाआधीच शाळेने त्यात भर घातली होती. शाळेत सरकारी बोलीच बोलायची, घरच्या बोलीतला एक शब्द निघाला की गळ्यात लाकडी पाटी. एकदा पावशेर शिंपल्यांवरून कुणाशी तरी भांडताना तिच्या तोंडून घरची शिवी गेली, आणि आठवडाभर ती पाटी घालून हिंडली. सरकारी बोलीलाही रंग होतेच, नाही असं नाही, पण तिला ते सगळे झाकण लावलेल्या डब्यांतले वाटायचे. ती हळू बोलायला लागली. मग इतकी हळू की समोरच्याने कान पुढे करावा. गावाने तिला नाव ठेवलं, मुकी कांग.

तिचे वडील म्हणजे कांग उस्ताद, देवळं रंगवणारे. दारावरचे द्वारपाल, तुळयांवरच्या कथा, छताचे ढग, सगळं त्यांच्या हातचं, आणि सगळं नेमातलं. कुठल्या द्वारपालाचा चेहरा तांबडा, कुठल्याचा गोरा, म्हाताऱ्या सिद्धाच्या झग्याला कोणता निळा, हे त्यांच्या बापाने सांगितलेलं आणि त्यांनी शेकडो खांबांवर पाळलेलं. बोंग-यो लग्नानंतरही रोज सकाळी त्यांच्या कारखान्यात यायची आणि रंग घोटायची. भुकटी, तुंगाच्या बियांचं तेल, वाटी, बोट. बाई असल्यामुळे देवळातल्या बांबूच्या परांचीवर चढायची मनाई. बाई डोक्यावर चढली की देवाला चालत नाही, असं आमच्याकडचे म्हातारे म्हणत. देवाला कुणी विचारलं होतं का, तर नव्हतं.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची ते वर्ष आलं. उन्हाळ्यात लष्करी कायदा उठला होता, पण माणसांच्या जिभेवरून उठायला त्याला वेळ लागत होता. आणि आमच्या गावाने माच्चू-पोचं देऊळ नवं बांधलं. माच्चू-पो म्हणजे आमची समुद्राची आई, तीनेकशे वर्षांपूर्वी गलबतात बसून पैलतीरावरून आलेली. आमच्यात पूर्व आळी आणि पश्चिम आळी यांचं तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. मग ठरलं, की दोन उस्तादांची लढत लावायची. एक बाजू ड्रॅगनची, ती पश्चिम आळीची, तिथे कांग उस्ताद. दुसरी वाघाची, पूर्व आळीची, तिथे शेजारच्या गावचे तेंग उस्ताद. मधोमध आढ्यापासून जमिनीपर्यंत जाड कापड. चित्रांचे विषय तेच, मापं तीच, पण एकाने दुसऱ्याचं पाहायचं नाही. डोकावताना जो सापडेल त्याच्या आळीने सगळ्या गावाला डुकराचं जेवण द्यायचं. देवी गाभाऱ्यात बसेल त्या सकाळी कापड पडणार आणि गाव निकाल देणार. ही रीत आमच्याकडे जुनी आहे, आणि तिच्यापायी कित्येक सोयरिकी मोडल्या आहेत.

पण कांग उस्तादांचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगे शहरात रेडिओच्या कारखान्यात, शिष्यही त्यांच्यामागून तिकडेच पळालेले. उस्ताद कोळशाने आकृती काढून देऊ शकत होते, वर चढून रंग भरू शकत नव्हते. त्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मुलाची जुनी टोपी बोंग-योच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, चढ, कापड आहे.

म्हणजे बघा. जे कापड लोकांनी एकमेकांपासून लपवायला बांधलं होतं, त्याच्या आड एक बाई परांचीवर चढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर कुणाचा डोळा नव्हता.

पलीकडून तेंग उस्ताद रोज सकाळी हाळी द्यायचे, कांग, आहेस का गेलास? कांग उस्ताद खालून तितकंच गोड उत्तर द्यायचे. तेंगांचा आवाज मोहरीच्या रंगाचा, तिखट. ते विचारायचे, तुझा नवा गडी फार हलका चालतो, कोण आहे? उस्ताद सांगायचे, पुतण्या, मुका आहे. वर बोंग-यो ओठ दाबून हसायची. तिथे, छताजवळ, तिला भीती वाटत नसे. आवाज येत जात, रंग येत जात, आणि तिला ते पुसून टाकायची गरज वाटत नसे. द्वारपाल तिने नेमाने केले. ढग नेमाने केले. सगळं बापाने सांगितलं तसं.

मग समुद्र आला. मोठ्या तुळईवर आठ सिद्ध लाटांवरून चालले आहेत, आणि त्या लाटा हिरव्या, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बोंग-योने दगडी हिरवा वाटीत घोटून वर नेला. देवळाचं मागचं दार समुद्राकडे उघडतं. दुपारची भरती होती. तो जड, संथ आवाज दारातून आत आला, मिठागरांच्या बांधांवर आपटणारा, तिने जन्मभर ऐकलेला. आणि तो हिरवा नव्हता. कधीच नव्हता. पिकल्या पपईच्या आतला रंग असतो ना, तो होता. तिने हिरव्याची वाटी बाजूला ठेवली, तांबडा आणि पिवळा कालवला, आणि हात थांबायच्या आत पहिली लाट ओढून टाकली.

नंतर ती म्हणायची की त्या क्षणी मनात काही मोठं नव्हतं. इतकंच, की आज खोटं नको. तुळईखाली फळ्या होत्या, खालून काही दिसायचं नाही. उस्तादांनी संध्याकाळी विचारलं, समुद्र झाला? ती म्हणाली, झाला.

परांची उतरवायची होती कापड पडण्याच्या आदल्याच दिवशी, आणि तोवर ती अन्नाला शिवली नाही. माशाची पेज समोर निवत पडायची. आतापर्यंत तिचं गुपित तिचं एकटीचं होतं. आता त्यावर बापाच्या पन्नास वर्षांच्या नावाची वीट ठेवली गेली होती, आणि ती तिनेच ठेवली होती. रात्रीत हिरवा फासायचा विचार तिने केला, पण देवळाला कुलूप.

फळ्या निघाल्या. कांग उस्तादांनी जाड चष्मा पुसला, वर पाहिलं, पुन्हा पुसला. डोक्यावरची हॅट काढून पायरीवर जाऊन बसले. बोंग-योला वाटलं, मी यांना संपवलं.

दुसऱ्या दिवशी कापड पडलं, आणि आधी कुणाच्या काही लक्षात आलं नाही, फटाकेच इतके होते. धूर ओसरला तशा माना वर गेल्या. वाघाच्या बाजूला हिरवा समुद्र, लाटेला लाट लावून, देखणा. ड्रॅगनच्या बाजूला पपई. पूर्व आळीने हशा पिकवला. पश्चिम आळीने आपल्याच उस्तादांकडे असं पाहिलं की काय सांगू. देवस्थानचे अध्यक्ष ग्वी, ज्यांनी जिल्ह्याच्या साहेबाला मुद्दाम बोलावून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, ते तर पांढरेफटक पडले. कुणी केलं हे? म्हणून त्यांनी विचारलं. उस्ताद तोंड उघडणार तोच बोंग-यो पुढे झाली आणि तिने टोपी काढली. मी केलं, म्हणाली. नेहमीसारखंच हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

बाई परांचीवर चढली ही एक, आणि समुद्र नासवला ही दुसरी, अशा दोन आरोळ्या एकदम उठल्या. तेव्हा तेंग उस्ताद कापडाची घडी करता करता म्हणाले, की बाई आहे हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, शिंक बाईची होती. मग बोलला का नाहीत, म्हणून ग्वी त्यांच्यावर धावले. "बोललो असतो तर काम थांबलं असतं," तेंग म्हणाले, "मग मी जिंकलो असतो कुणाशी, भिंतीशी?"

शेवटी जे आमच्याकडे नेहमी होतं ते झालं. समुद्र माच्चू-पोचा, तेव्हा तिलाच कौल लावा. कौलाची दोन लाकडं असतात, चंद्रकोरीच्या आकाराची, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट एक फुगीर वर आलं की होकार. दोन्ही फुगीर, नकार. दोन्ही सपाट, तर देवी हसली, पुन्हा विचारायचं. मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीन होकार लागतात.

ग्वींनी कोट नीट केला, साहेबाकडे एकदा पाहिलं आणि स्वच्छ सरकारी बोलीत देवीला विचारलं की प्रस्तुत तुळईवरील समुद्र परंपरेस अनुसरून पूर्ववत हिरवा करण्यास आपली संमती आहे किंवा कसे. लाकडं पडली. दोन्ही सपाट. पुन्हा विचारलं, आणखी जड शब्दांत. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही देवी हसलीच, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्याही तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या.

"अहो ग्वी, ती गलबतातून आली तेव्हा कुठली शाळा होती?" तेंग म्हणाले. "घरच्या बोलीत विचारा, तिला कळायला नको?"

साहेबाकडे बघत ग्वी घुटमळले. साहेब पोरगेलाच होता, असल्याच कुठल्या तरी गावचा. त्याने हसू गिळून मान हलवली. पण ग्वींना ते जमेना. इतकी वर्षं सभेत दुसऱ्या बोलीत बोलून त्यांची देवाशी बोलायची जीभच अडखळत होती.

तेव्हा कालच्याच पायरीवर जाऊन बसलेले कांग उस्ताद उठले. गुडघ्यांवर हात टेकत आत आले, लाकडं उचलली आणि बोंग-योच्या हातात दिली.

"तू विचार," ते म्हणाले. "मोठ्याने विचार. आणि हिच्यापुढे खरं तेच सांगायचं."

ती गुडघ्यांवर बसली. आमच्याकडे देवीला आधी नाव, गाव, घर सांगावं लागतं, नाहीतर तिने ओळखायचं कसं. मग ती बोलली, आणि मी हे शब्द आजही जसेच्या तसे सांगू शकतो, कारण मुकी कांग एवढं बोलताना गावाने प्रथमच ऐकलं.

"माच्चू-पो, मी कांग बोंग-यो, पश्चिम आळीची, मिठाच्या गोदामामागची. मला आवाज दिसतात. लहानपणापासून. आईने राख पाजली म्हणून मी सांगितलं, रंग गेले, पण ते गेले नाहीत. मी वेडी नाही. तुझी भरती मला हिरवी कधी दिसलीच नाही, अशी दिसते, ही वर काढली आहे तशी. यात माझ्या बापाचा दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं. तुला हिरवीच हवी असेल तर आज खरवडते, हात दुखेपर्यंत खरवडते. पण मग मी तुझ्या डोक्यावर खोटं रंगवते आहे, हे तुला ठाऊक असू दे. सांग, अशीच राहू दे का?"

बोंग-यो लाकडं हातात धरून तशीच बसली, कारण तिला एक नवल वाटत होतं. इतकी वर्षं इतकं हळू बोलल्यामुळे तिला स्वतःच्या आवाजाचा रंग कधी नीट दिसलाच नव्हता. आता तो दिसला. हिरवा होता. केळीचं पान उलगडताना असतं तसा कोवळा, ओला हिरवा. आणि तिच्या छातीवरचं काहीतरी, ती शाळेतली पाटी म्हणा, खाली उतरलं. कौल राहूनच गेला. सांगून झालं होतं, आता राख पाजा नाहीतर काही करा, असं तिला मनापासून वाटलं, आणि तिला रडूही येत होतं आणि हसूही.

"अगं टाक की," तेंग उस्ताद म्हणाले.

टाकलं. होकार. पुन्हा टाकलं. होकार. तिसऱ्यांदा टाकलं, आणि एक लाकूड फुगीर बाजू वर करून समोरच पडलं, आणि दुसरं उड्या मारत थेट देवीच्या चौरंगाखाली गेलं. सगळं गाव वाकलं. कुणाला दिसेना. तेव्हा अध्यक्ष ग्वी, कोटासकट, साहेबासमोर, चारी पायांवर चौरंगाखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला, अस्सल घरच्या बोलीत, आईशी बोलावं तसा: "सपाट आहे! वर सपाट आहे!"

पूर्व आळी आणि पश्चिम आळी एकदम ओरडल्या. असं आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

पदक मात्र वाघाच्या बाजूला गेलं. तेंगांचे द्वारपाल खरोखरच सरस होते, त्यात वाद नाही. पदकाचा लाल पट्टा गळ्यात घालून ते ड्रॅगनच्या बाजूला आले, बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग कांग उस्तादांना म्हणाले, की बापाने हिरवा लावला म्हणून मी हिरवा लावला, भरतीच्या वेळी कान देऊन बसलो असं कधी झालं नाही. उस्ताद म्हणाले, तुला कान होते कधी?

जेवण उरकून बोंग-योने बापाला स्कूटरवर मागे बसवलं आणि मिठागरांच्या बांधावरून घराकडे निघाली. उस्ताद अजून तिच्याशी त्या विषयावर बोलले नव्हते. अर्ध्या वाटेवर तिला धीर धरवेना. आ-पा, तुमचं नाव गेलं का? म्हणून तिने विचारलं.

उस्तादांनी पाठीमागून उलट विचारलं, "माझा आवाज कसला दिसतो?"

तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्कूटरचा वेग कमी केला.

"निळा," ती म्हणाली. "तो जपानी निळा. तुम्ही कुलपात ठेवता तो."

तो निळा सगळ्यांत महाग, कुठल्याही देवळात उस्ताद तो चमच्याच्या टोकानेच काढत.

"म्हणूनच मी कमी बोलतो," ते म्हणाले, आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून घर येईपर्यंत अखंड बोलत राहिले.